सात पोळ्या, सात परीक्षक

अलकाताईंनी तीस वर्षं नेमकी कसली नोकरी केली, हे दिल्लीत, आमच्या द्वारकेच्या सोसायटीत कुणालाच धड सांगता येत नसे. त्या शेती-संशोधनाच्या सरकारी कार्यालयात होत्या. गव्हाचे वाण जमिनीच्या तुकड्यांत असे वाटायचे, की कोणत्याही दोन वाणांची गाठ सारख्याच वेळा पडावी. तसं जमलं नाही, तर कोणती जोडी किती वेळा भेटते यावरून नाती ठरवायची आणि त्या नात्यांचं बीजगणित मांडायचं. मी शेजारधर्म म्हणून मान डोलवायचो, कळायचं शून्य.

गेल्या होळीला आमच्या मराठी मंडळाची पुरणपोळी स्पर्धा झाली. आम्हा मराठी माणसांना स्पर्धा म्हटली की भांडण आलंच. सात पोळ्या, तीन परीक्षक, प्रत्येकानं सातही चाखायच्या. वासंतीवहिनींची पोळी चाखायला शेवटी आली आणि निकालातही शेवटीच राहिली. अलकाताई परीक्षक होत्या. दोघींची मैत्री आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायच्या तेव्हापासूनची, पण त्या दिवसापासून वहिनींनी त्यांचा फोन उचलला नाही.

यंदा अलकाताईंनी आराखडा केला. सात पोळ्या, सात परीक्षक, प्रत्येकाच्या ताटात फक्त तीन. तरी कोणत्याही दोन पोळ्या बरोबर एकाच ताटात समोरासमोर येतात. "सात बिंदू, सात रेषा. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. भूमितीच आहे ही, फक्त छोटी," त्या मला म्हणाल्या. पण पोळ्या करणाऱ्यांची नावं आली सहाच, आणि सहांवर हा आराखडा बसेना. सातवं नाव कुणाचं हवं होतं, ते सांगायला नको.

"अशोकराव, सोबत चला हो. एकटीनं जायचा धीर होत नाही."

वहिनींनी दार उघडलं, आराखड्याचा कागद घेतला आणि चष्मा लावून एकेक जोडी बोटानं तपासली. एकवीसच्या एकवीस. माझा चहा गार झाला.

"अच्छा, हिशोब बिल्कुल बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता खरं सांग. गेल्या वर्षी माझी पोळी तू खाल्ली होतीस?"

अलकाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही गं. सहा खाऊन पोट गच्च झालं होतं. नुसता तुकडा मोडला आणि सही केली. चुकलं माझं."

वहिनींनी चष्मा काढून ठेवला. कागद मात्र परत दिला नाही.

होळीच्या सकाळी त्या डबा घेऊन आल्या. परीक्षकांनी तीन-तीन पोळ्या चाखून क्रम लावले, मी बेरीज वाचून दाखवली. वहिनी चौथ्या. अलकाताईंचा चेहरा पडला, मलाही वाटलं, संपलं सगळं.

वहिनी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"अगं, तोंड कशाला पाडतेस? चौथी तर चौथी. या वेळी माझी पोळी खाऊन नंबर दिलाय."