पोच देण्याआधी

सोमाजीभाऊ उंदीरवाड्यांशी दोन मिनिटं बोलायचं म्हणजे डोक्याला ताप. तुम्ही म्हणावं, "भाऊ, उद्या सकाळी सहाला बाळंतिणीकडे जायचंय, तुमचा टॉर्च द्या." ते म्हणणार, "उद्या. सकाळी सहा. बाळंतीण. टॉर्च एक. बरोबर?" तुम्ही 'बरोबर' म्हटल्याशिवाय त्यांचा हात टॉर्चकडे वळायचा नाही. बाजारात मीठ घेतानाही तेच. दुकानदार वैतागायचा, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि हे आपले शांत उभे.

त्यांची बायको केसरबाई मुलांच्या शाळेसाठी ऊर्जानगरला दिराच्या क्वार्टरमध्ये राहायची. एका उन्हाळ्यात भामरागडला आली, तेव्हा मला म्हणाली, "बाई, लग्नाच्या दिवशीबी यायनं मले इचारलं, नाव केसर, बरोबर? मी म्हणलो, आता बरोबर नसन तं काय वापस जातं का?" सोमाजीभाऊ तेव्हाही हसले नाहीत. पडताळून घेण्यात हसण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळत नसे.

१९८५ साली मी भामरागडच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टरची जागा रिकामी, म्हणून डॉक्टरही मीच. दवाखान्याला लागून पुराच्या बिनतारी केंद्राची एक खोली होती, वर दोन येनाच्या झाडांमध्ये ताणलेली तार. त्या खोलीत सोमाजीभाऊ राहायचे, जेवायचे, झोपायचे. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की बाहेरच्या जगाशी आमचा संबंध त्या तारेपुरताच उरायचा. पण आमच्या दृष्टीने त्या खोलीचं खरं काम होतं नदी सांभाळणं. नदीच्या वरच्या अंगाला एका खेड्यात पाणी मोजायची पट्टी होती आणि तिथे लच्छू नावाचा माणूस होता. तो दर तासाला पट्टीवरचा आकडा पाठवायचा. तिथलं पाणी आमच्या घाटावर यायला साधारण तास लागे, आणि भरल्या नदीत डोंगा पलीकडे न्यायलाही जवळजवळ तेवढाच वेळ. म्हणून आकडा साडेसातशे सेंटीमीटरच्या आत असला, तरच सोमाजीभाऊ घाटावरचं लाल निशाण उतरवायचे. मगच नावाडी कोलू डोंगा सोडायचा.

लच्छू माडिया आदिवासी, पन्नाशीला आलेला, शाळेची पायरी न चढलेला. सकाळी आभाळ मोकळं असलं की सेटवर बोलणं ऐकू यायचं. पण गडगडाट सुरू झाला की बोलणं पार बुडून जायचं, तेव्हा ऐकू येई ती फक्त बटणाची टिकटिक. म्हणून सोमाजीभाऊंनी त्याला टिकटिकीतले दहा आकडे शिकवले होते. एका मोहाच्या हंगामात, लाकडी पाटावर बोटांनी वाजवून वाजवून. अक्षरं नाहीत, फक्त आकडे. आकडा दोनदा पाठवायचा, आणि मग त्यातल्या अंकांची बेरीज. ती बेरीज लच्छू मोहाच्या बिया मांडून करायचा. इकडे सोमाजीभाऊ आपली बेरीज करायचे. दोन्ही जुळल्या की लहान-मोठा-लहान असे तीन ठोके द्यायचे. ती पोच. पोच मिळेपर्यंत लच्छूने पाठवतच राहायचं. पोच मिळाली की सेट लगेच बंद करायचा, कारण बॅटरी संपली तर दुसरी डोक्यावर वाहून न्यावी लागे. मग पुढच्या तासापर्यंत त्याला हाक मारून उपयोग नसायचा.

मला हे सगळं नको तितकं अवघड वाटायचं. आकडा आला, ऐकला, संपलं. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

ऑगस्टातली गोष्ट. सकाळी सातला कोलू पहिली खेप करून आला तो निरोप घेऊनच. पलीकडच्या गावातली बुधरी दोन दिवसांपासून अडली होती. तिला खाटेवर घालून दुपारपर्यंत घाटावर आणणार होते. बुधरी म्हणजे लच्छूची मुलगी. एकुलती एक.

मी तशीच सोमाजीभाऊंकडे गेले. "आठला लच्छूशी बोलणं होईल, तेव्हा त्याला सांगा."

"नाई," ते म्हणाले.

"अहो, बाप आहे तो तिचा!"

"म्हणूनच नाई, बाई. तो आकडा पाठवून राह्यला. त्याले आकडाच पाठवू द्या."

आठ वाजता मी मुद्दाम दारात उभी राहिले. आवाज स्वच्छ येत होता. लच्छूने रोजच्यासारखं विचारलं, "खालती काय खबर, भाऊ?"

"काई नाई," सोमाजीभाऊ म्हणाले. "आकडा सांग."

माझ्या अंगाची आग आग झाली. माणूस आहे की दगड, असं मी मोठ्याने म्हणाले. त्यांनी वहीत आकडा लिहिला, वर पाहिलं नाही.

दुपारपर्यंत पाणी चढं पण स्थिर होतं. बाराला सातशे अडतीस, एकला सातशे चाळीस. डोंगा जाऊ शकत होता, पण खाट अजून आलेली नव्हती, आणि दवाखान्यात दुसरं कुणी नसल्याने मी आधीच पलीकडे जाऊन थांबू शकत नव्हते. वरच्या अंगाला आभाळ मात्र काळं झालं होतं आणि विजा चमकत होत्या. दोनला पाच मिनिटं कमी असताना पलीकडच्या काठावर माणसं दिसली. चौघांच्या खांद्यावर खाट, आणि एक बाई लाल लुगडं हलवत होती. कोलू बांबू घेऊन डोंग्यात उभाच राहिला. मी उकळलेली हत्यारं, इंजेक्शनं, दोरा सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. दोनचा आकडा आला की निघायचं.

मी धावत केंद्रात गेले. सोमाजीभाऊ कानाला हेडफोन दाबून वाकून बसले होते. मला बाहेरूनही ती खरखर ऐकू येत होती. पेन्सिल चालू झाली. सात. चार. दोन.

"आला का?" मी विचारलं.

त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. कडकड आवाज झाला, पेन्सिल थांबली, पुन्हा चालली.

"आला का हो? ती तिकडे मरून राह्यली! आला का?"

मी त्यांच्या खांद्यावर हात टाकून हलवलं. हो, मीच. आणि त्याच क्षणी त्यांचा उजवा हात बटणावर गेला आणि लहान-मोठा-लहान असे तीन ठोके पडले. मला वाटलं झालं. मी पिशवी उचलून निघाले.

"थांबा बाई."

त्यांचा चेहरा उतरला होता. वहीत सात-चार-दोन, मग रेघ, म्हणजे दुसऱ्या वेळचा आकडा विजेच्या कडकडाटात गेला होता. आणि त्यापुढे बेरीज: चौदा.

"सात, चार, दोन. तेरा होते," ते म्हणाले. "चौदा आले."

"मग?"

"आठशे बेचाळीस असन तं चौदा. साताआठात एकाच ठोक्याचा फरक."

"आणि त्याची बेरीजच नीट आली नसेल तर? कडकडाट तेव्हाही होताच की."

"तसंबी असू शकते. मले मालूम नाई." आणि मग ते बोलले ते मी कधी विसरणार नाही. "पोच मी जुळवायच्या आधी देल्ली. गलती माही आहे. तो आता सेट बंद करून गेला असन."

खरं सांगते, त्या वेळी हे त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. तीन ठोके मी ऐकले होते, दारातल्या दोघा-तिघांनी ऐकले होते. वहीत साडेसातशेच्या आतला आकडा त्यांच्याच हाताने लिहिलेला होता. निशाण उतरवलं असतं तर नोकरीला धक्का लागला नसता. पण ते उठले, घाटावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आकडा मिळाला नाई. निशाण तसंच राहीन."

कोलू डोंग्यातून ओरडला, "भाऊ, तुमची पोच तं गेली ना! मले दारातल्या पोरानं सांगतलं."

"गेली. चुकून गेली."

"पाणी तं तेवढंच दिसून राह्यलं. मी जातो."

"नको जाऊ, कोलू."

मी म्हणाले, "मी नुसती पलीकडे जाते. परत येत नाही. तिकडेच तिला मोकळी करते. मग तर झालं?"

"पट्टी त्यानं पावणेदोनले पाह्यली असन," सोमाजीभाऊ म्हणाले. "पाणी चढलं असन तं पावणेतीनले इथी येते. तुम्ही तवा मधातच असान."

"आणि चढलं नसेल तर?"

डोंग्याचा दोर खुंट्याला बांधलेला होता, त्याच्यावर पाय ठेवून ते उभे राहिले. मी त्यांना नाही नाही ते बोलले. भित्रा म्हणाले. बापाला बातमी दिली नाही आणि आता मुलीलाही मारताय म्हणाले. घाटावर वीसेक माणसं होती, कुणी मला थांबवलं नाही. सोमाजीभाऊ एकदा फक्त म्हणाले, "बाई, केंद्रात जाऊन कोणी हेडफोन घाला. चुकून सेट चालू असला तं तो पुन्हा पाठवन." कुणीच हललं नाही, तेव्हा मीच गेले. कानात नुसती खरखर. मी दहा मिनिटं बसले आणि परत आले.

पलीकडे लाल लुगडं अजून हलत होतं. घड्याळ माझ्या हातात होतं, मी सारखी बघत होते. सव्वादोन. अडीच. पाणी होतं तिथेच. कोलू माझ्याकडे बघायचा आणि मी सोमाजीभाऊंकडे. दोन पस्तीसला मी मनात म्हटलं, आत्तापर्यंत अर्ध्याच्या पुढे गेलो असतो. पाणी चढलेलं नाही, हा माणूस चुकला, आणि बुधरी त्याच्या चुकीने जाणार.

दोन त्रेचाळीसला पाण्याचा रंग बदलला. आधी फेस आला, मग काड्या, मग मुळासकट उपटलेलं एक झाड. घाटाच्या खालच्या चार पायऱ्या आमच्या डोळ्यांदेखत बुडाल्या. डोंग्याचा दोर ताणला गेला, तेव्हा कोलू उडी मारून काठावर आला. तीनचा आकडा स्वच्छ आला, तोही दोनदा: आठशे एकसष्ट. बेरीज पंधरा. सोमाजीभाऊंनी कागदावर मांडून बेरीज केली, पुन्हा एकदा केली, आणि मगच पोच दिली.

चारच्या सुमाराला पलीकडची माणसं खाट उचलून परत गावाकडे निघाली. मी बघत राहिले. मी वाचले, कोलू वाचला, हे मला कळत होतं. तरी त्या संध्याकाळी मी सोमाजीभाऊंना रोजचा जेवणाचा डबा पाठवला नाही.

पुढचे दोन दिवस नदीने कुणाला पलीकडे जाऊ दिलं नाही. बुधरीचं काय झालं, कुणाला माहीत नव्हतं. सकाळी आठला लच्छू विचारायचा, खालती काय खबर, आणि सोमाजीभाऊ म्हणायचे, काई नाई. दुसऱ्या दिवशी सेट बंद केल्यावर ते बराच वेळ कपाळाला हात लावून बसलेले मी पाहिले.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. कोलूने बुधरीला आणलं. खाट परत नेली त्याच संध्याकाळी मूल गावातल्या बायांनी काढलं होतं, मेलेलं. तिला तापाने घेरलं होतं, पण जीव होता. मी पेनिसिलीन सुरू केलं, सलाईन लावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली, एका शब्दाने बोलेना.

मग सोमाजीभाऊंनी सेटवर लच्छूला सांगितलं: त्या दिवशी दोनला बुधरी काठावर होती, मूल गेलं, ती आता दवाखान्यात आहे. लच्छू पट्टी सोडून जंगलातून चालत निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोचला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तो बसला. सोमाजीभाऊ खाटेच्या पायाशी उभे होते.

"लच्छू, मले त्या दिवशी सकाळपासून मालूम होतं," ते म्हणाले. "तुले सांगतलं नाई. आणि पोचबी मी जुळवायच्या आधी देल्ली. तुले जे बोलायचं ते बोल."

मला वाटलं, आता हा त्यांच्या अंगावर जाणार. मला तर तेच हवं होतं, चार दिवस.

लच्छूने मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "बरं केलं भाऊ, नाई सांगतलं. दोनच्या आकड्याले पट्टीवर आठशे बेचाळीस होतं. मले मालूम असतं का पोरगी काठावर आहे, तं मी सातशे बेचाळीस पाठवलो असतो. बेरीजबी बरोबर तेराच पाठवलो असतो."



"आता दुसरा माणूस पाहा," तो म्हणाला. "मी खोटं पाठवू शकतो. हे मले रस्त्यानं येताना समजलं."

"मीबी पाठवलो असतो," सोमाजीभाऊ म्हणाले.

तेव्हा बुधरीने तोंड वळवलं. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. तिने बापाला माडियात विचारलं, "तिथे पट्टीवर आता कोण आहे?" इतकं माडिया मला तोवर समजायला लागलं होतं.

"कोणी नाही," लच्छू म्हणाला.

"मग जा," ती म्हणाली.