बाबांनी घराचा चार्ज दिला

आंबागडहून आमचं सामान निघालं त्या सकाळी तुम्ही सगळे गावकरी दारात उभे होता. शेजारची मावशी रडत होती, मीही रडत होते, आणि बाबा केव्हाच टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. "चाल ना बाई, ऊन होऊन राहिलं," एवढंच म्हणाले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल, पोरीनं म्हाताऱ्याला ओढून नेलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. म्हणून हे लिहिते आहे.

साकोलीच्या शाळेत मी बारा वर्षं शिकवते आहे. भाड्याच्या खोलीत राहायचे, सुट्टी लागली की दोन बस बदलून गावी यायचे. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मला त्यांचं घर दाखवायला घेऊन गेल्या, आणि मी भुललेच. तसं घर साधं, दोन खोल्या अन् वर स्लॅब. पण स्वयंपाकघरात ओट्यासमोर खिडकी, आणि खिडकीतून तळं दिसतं. आजवर मी भिंतीकडे तोंड करूनच स्वयंपाक केला. तिथे उभी राहिले आणि मनातल्या मनात डबे मांडूनही मोकळी झाले.

बाई मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. दिवाळीपर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देईन, म्हणाल्या. आंबागडचं घर विकल्याशिवाय हे घेणं शक्यच नव्हतं. बाबांना विचारायला जीभ रेटेना. आईचं सगळं आयुष्य त्या घरात गेलं होतं. शेवटी विचारलं, तर ते एका शब्दात म्हणाले, "ईक." एवढं सहज आलेलं उत्तर मला खरं वाटलं नाही.

मग गिऱ्हाइकं यायला लागली आणि माझा संशय पक्का झाला. तुमसरचे एक दुकानदार आले. मी चहा ठेवते तोवर बाबा त्यांना माजघरात घेऊन गेले. "ह्या भिताडाले ओल येते. मे महिन्यात विहीर तळाले जाते. अन् माकडं छपरावरचे कवेलू फोडतात, दरसाल नवे बसवा लागते." दुकानदार चहा पिऊन गेले ते गेलेच. दुसरे आले, त्यांना बाबांनी वाळवी लागलेला वासा शिडी लावून दाखवला. तेही गेले. दिवाळी जवळ आली होती, आणि माझा तोल सुटला.

"बाबा, घर विकाचं नसन तर तसं सांगा ना! लोकायले कायले पळवून लावता?"

बाबा गोंधळले. "मी तं चार्ज देऊन राहिलो," म्हणाले.

तुम्हाला ठाऊकच आहे, बाबा जंगलखात्यात वनरक्षक होते. पहिल्याच बीटवर, म्हणजे राखायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, आधीच्या माणसानं कागदावर सही करून चार्ज दिला आणि तो निघून गेला. नाल्याच्या कपारीत अस्वल असतं, हे काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांची पाठ फाटली. त्यानंतर दर बदलीला नव्या माणसाला सगळं बीट पायी फिरवायचं, कुठला हद्दीचा दगड पडलाय, कुठे पाय सांभाळायचा ते दाखवायचं, आणि मगच सही करायची, हा त्यांचा नेम. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. याची अजून लाज वाटते.

मग सुनीता नावाची एक बाई आणि तिचा नवरा घर बघायला आले. बाबा शहाण्या मुलासारखे खाटेवर गप्प. सुनीतानं घर पाहिलं, वर पाहिलं आणि सरळ त्यांनाच विचारलं, "काकाजी, कवेलू कोण्या बाजूनं गळते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होते. मी मान हलवली, आणि पुढचा तासभर त्यांना कोणी थांबवलं नाही. परसातली जादा कवेलूंची रास कुठे आहे, आढ्यावर काटे कसे बांधायचे म्हणजे माकडं बसत नाहीत, विहीर आटली की पाणी कुठून आणायचं, सगळं. निघताना सुनीता म्हणाली, "याच्याहून चांगली घरं पाह्यली जी, पण कोनी काही सांगतच नाही." चार दिवसांत होकार आला.

साकोलीत नव्या घरी पहिल्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर वाटली. घर मनासारखं, खिडकी मनासारखी, आणि मी मात्र चोरासारखी. बाबा जेवताना गप्प राहिले की वाटायचं, आठवण येत असेल. संध्याकाळी दाराशी उभे राहिले की वाटायचं, परतीची वाट बघत असतील. विचारायचं धैर्य नव्हतं.

परवा दुपारी बाबांना सुनीताचा फोन आला. मी ओट्याशी होते. विहिरीच्या मोटारीचं काहीतरी विचारत होती, ते बाबांनी समजावलं. मग ती म्हणाली असावी, एकदा घरी या. बाबा मोठ्यानं हसले.

"येऊ ना, पावना म्हणून येऊ. पण संध्याकाळी निंगीन बाई. घरी पोरगी वाट पाह्यते."

मी गॅस बारीक केला आणि खिडकीशी उभी राहिले. घर घेतल्यापासून ते मला पहिल्यांदा निर्धास्तपणे आवडलं.