अप्पांच्या खोलीतल्या दुपारी

पौषातल्या दुपारी उन्हाला एक आळसट, पिवळसर गोडवा असतो. अप्पांच्या खोलीत तो खिडकीतून उतरायचा, आणि त्यात गुळाचा वास मिसळलेला असायचा. मार्केट यार्डातल्या अडतीवर जन्म काढलेल्या माणसाच्या सदऱ्यांतून तो वास धुऊनही जात नाही. त्या खोलीतून कधी हसण्याचा आवाज यायचा, कधी बराच वेळ नुसती शांतता. आत माझ्या आजारी वडिलांपाशी डॉक्टर विद्या बसलेली असायची, आणि मी, त्यांची डॉक्टर लेक, स्वयंपाकघरात उभी राहून जळत असायचे. जळणं हाच त्यासाठी खरा शब्द, त्याला दुसरं सोज्वळ नाव देण्यात अर्थ नाही.

विद्या आणि मी एकाच रुग्णालयात होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केरळात डॉक्टरांसाठी एक प्रशिक्षण निघालं: बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कशा शमवायच्या, त्याच्याशी काय बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं. माझा हात तेव्हा शस्त्रक्रियेत बसला होता, नावही होऊ लागलं होतं. मरणाऱ्याच्या उशाशी बसायला शिकवणी कशाला लावायची, असं म्हणून मी विद्याची यथेच्छ थट्टा केली. ती गेली, आणि परतली ती तोंडाने द्यायच्या मॉर्फिनची परवानगी मिळवण्याचा ध्यास घेऊन. शिवाय एक सवय घेऊन आली. रुग्णाजवळ गेली की ती आधी स्टूल ओढून बसायची. आम्ही सगळे उभ्या उभ्या राउंड उरकणारे. वॉर्डातली म्हातारी माणसं तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसू लागली, तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं.

पुढे दोन-चार वर्षांनी अप्पांच्या जठराचा कॅन्सर मीच ओळखला, आणि घरात अल्सर म्हणायचं, हेही मीच ठरवलं. आमच्याकडे हीच रीत. दुखणं पोराबाळांना, व्याह्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं; ज्याचं असतं त्याच्यापासून तेवढं झाकून ठेवायचं. भाऊ, वहिनी, अडतीवरचा दिवाणजी, सगळ्यांकडून मी तो शब्द घोकून घेतला. माझ्या गोळ्यांना वेदना दाद देईनात तेव्हा नाइलाजाने विद्याला बोलावलं आणि दारातच तिला अट घातली. ती म्हणाली, "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

तिच्या औषधाने अप्पांना झोप लागू लागली, भाकरीचा तुकडा गोड लागू लागला. उपकार मानायचे सोडून मी त्यांच्या दाराशी घुटमळू लागले. मी आत गेले की बोलणं थांबायचं, आणि "आल्या बघा सर्जनबाई" म्हणत अप्पा गोळ्यांच्या वेळा विचारू लागायचे. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून जोतिबाचा डोंगर चढवला, तो आपलं मन परक्या पोरीपुढे उलगडत होता. एकदा मी विद्याला जिन्यात गाठून सरळ विचारलं, काय बोलतात ते तुझ्याशी? त्यांनाच विचार, ती म्हणाली. त्यांचं बोलणं ही माझ्याकडे ठेव आहे. हेही तिकडेच शिकलेलं असणार. तिच्या त्या शिक्षणाचा मला जितका राग आला तितकाच हेवा वाटला.

एका दुपारी ती शाहूवाडीकडच्या कुठल्याशा रुग्णाला बघायला गेली होती. मी जाऊन अप्पांच्या पलंगाच्या कडेला बसले. पुष्कळ वेळाने तेच म्हणाले, "अक्का, कॅन्सर हाय हे मला पयल्यापास्नं ठावं हाय." मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

"तू घरभर अल्सर सांगत फिरलीस. लेकीचा शब्द मी कसा खाली पडू देऊ?"

मग त्यांनी एकेक सांगितलं. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, जमिनीत बसवून निरोप देतात. त्यांना गडहिंग्लजच्या मळ्यात, माझ्या आईशेजारी बसायचं होतं. भावांनी जागेवरून वाद घालायचा नाही. मी त्या दिवशी उपाशी राहायचं नाही. सौदा पक्का करताना असायचा तसाच आवाज, शांत आणि ठाम, आणि डोळ्यांत पाण्याचं टिपूस नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तरीही माझ्या मनात काटा सलत होता, की हे सगळं विद्याने आधीच ऐकलेलं असणार. न राहवून मी तसं विचारलं.

"तिला सांगून बघितलं आधी, लई येळा," अप्पा म्हणाले. "दर बारीला रडू यायचं. तुझ्याम्होरं रडायचं न्हवतं मला, म्हणून तिकडंच उरकून घेतलं."

अप्पांना आम्ही त्यांनी सांगितलं तिथेच बसवलं. पुढे विद्या कोल्हापुरातल्या तरुण डॉक्टरांना शिकवू लागली. मीही जाऊन मागच्या बाकावर बसले, आणि पुष्कळ काही शिकले. त्या साऱ्या दुपारी खरं तर माझ्यासाठीच खर्ची पडल्या होत्या, हे मला कळतं. पण कळून मन निवत नाही. माझ्या वाट्याला वडिलांचे कोरडे डोळे आले, त्यांचं रडणं तिच्याकडे राहिलं. ते कसे रडले, हे तिला विचारावंसं अजून वाटतं, आणि ती सांगणार नाही, हेही ठाऊक आहे.