टॅन्सीला घेऊन चढावर

व्हर्लीन स्टकीनं बावीस वर्षं कॅम्प व्हर्डे गावच्या शाळेची बस चालवली. एवढ्या वर्षांत एका मुलाला साधं खरचटलंसुद्धा नाही. तोंडानं फटकळ, पण स्टिअरिंगवर बसली की देवळात बसल्यासारखी शांत.

जुलैतल्या एका सकाळी तिची घोडी टॅन्सी चारा टाकून जमिनीवर लोळायला लागली. घोडी एकोणीस वर्षांची. नवरा ऑरिन दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून व्हर्लीनचं बोलणं काय ते हिच्याशीच. जनावरांच्या डॉक्टरनं सुई दिली, पोटाला नळी लावून ऐकलं आणि आतड्याला पीळ पडल्याचं सांगितलं. ऑपरेशन होणार ते वर डोंगरावरच्या फ्लॅगस्टाफ शहरात, आणि तेही दोन तासांत पोचली तर.

रस्ता तासाभराचा, पण जवळजवळ चार हजार फुटांची चढण. ऑरिनची जुनी पिकअप, तिला मागे जोडलेला घोडीचा ट्रेलर, वर ऊन एकशे आठ डिग्री फॅरनहाइट. गाडीचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता. त्याच्या तेलाची उष्णता दाखवणारा काटा ऑरिननं स्वतःच्या हातानं बसवला होता. तो नेहमी सांगायचा : चढावर वरचा गिअर बंद ठेवायचा, एसी बंद, घाई नाही, आणि काटा दोनशे तीसवर गेला की मुकाट्यानं बाजूला थांबायचं. तेल जळलं की गिअरबॉक्स गेलाच.

व्हर्लीननं सगळं तसंच केलं. काचा खाली, खालचा गिअर, ताशी तीस मैल. तरी अर्ध्या चढावर काटा दोनशे तीसला टेकला. तेवढ्यात मागे टॅन्सीनं लाथ झाडली आणि सगळा ट्रेलर हादरला. व्हर्लीन थांबली नाही. दोनशे चाळीस झाले. दोनशे पन्नासला करपल्यासारखा वास आला, गाडीचा जोर तुटला, आणि मग थांबण्यावाचून इलाजच उरला नाही.

तिनं गाडी न्यूट्रलला टाकली. तेल फिरत राहून निवावं म्हणून इंजिन चालूच ठेवलं. पण ट्रेलरचा पत्रा तापत होता. हलावं तर गिअरबॉक्स जाणार, थांबावं तर घोडी. ती ट्रेलरच्या खिडकीशी उभी राहून टॅन्सीच्या मानेवर पाणी ओतत राहिली. घोडीचा घाम आणि पाणी एकच झालं होतं.

मागून मोठी डिझेल पिकअप घेऊन येणारा एक जण थांबला. लायमन योकम, गुरं पाळणारा, साठीचा. ट्रेलर आपल्या गाडीला जोडू म्हणाला. पण ट्रेलर अडकवायचा त्याच्या गाडीचा लोखंडी गोळा मोठा निघाला, पाव इंचानं. त्यानं दोनदा जोर लावून पाहिला, मग टोपी काढून कपाळ पुसलं.

“तुम्ही घोडीपाशी थांबा, बाई,” तो म्हणाला. “काट्याकडे मी बघतो.”

दर मिनिटाला तो आकडा सांगत होता. दोनशे चाळीस. दोनशे पस्तीस. व्हर्लीनला तेवढंच ऐकू येत होतं. दोनशेच्या खाली यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर टॅन्सीनं लाथा मारणं सोडलं होतं, आणि त्याचीच व्हर्लीनला जास्त भीती वाटली.

पुढचा चढ ती बैलगाडीच्या चालीनं चढली. योकम मागे दिवे लुकलुकवत येत राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घोडीचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. आतडं मेलंय, आता कापून उपयोग नाही, तिला आणखी यातना देऊ नका, एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“वाटेत थांबले नसते तर?”

“ते मला नाही सांगता येणार.”

खोटं बोलून त्यांनी धीर दिला असता तर बरं झालं असतं, असं व्हर्लीनला वाटलं. पण खोटं तिला पटलंही नसतं. डॉक्टरीणबाई शेवटची सुई देत असताना तिनं टॅन्सीचं डोकं मांडीवर घेतलं, कानामागे खाजवत राहिली. हाताखाली ते डोकं जड जड होत गेलं.

बाहेर आल्यावर ती आपल्या गाडीत बसली, पण किल्ली काही फिरवेना. योकम अजून तिथंच होता. तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

“मला घरी सोडता का?” तिनं विचारलं.

त्यानं दार उघडलं आणि तिला आपल्या पिकअपमध्ये नेऊन बसवलं. तिची गाडी आणि रिकामा ट्रेलर तिथंच ठेवून तो चौपन्न मैलांचा उतार सावकाश, खालच्या गिअरमध्ये उतरला.