दाजींच्या बुटातला खिळा

कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत वाटलेला. आमची पेठ एक, बहीण दिली ती दुसरी. त्यामुळं मी आमच्या तालमीच्या संघाचा फॉरवर्ड आणि समोर बॅकला सख्खे दाजी. नव्वदच्या दशकात बुटाच्या तळव्याला चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले असायचे. स्टड झिजला की खिळा बाहेर यायचा. म्हणून मॅचआधी रेफरी सगळ्यांना ओळीत उभं करून तळवे चाचपायचा. खिळा लागला की गडी बाहेर.

पण आमची माणसं लई शहाणी! तपासून झालेला गडी हळूच मागं सरकून बूट काढायचा आणि शेवटाला उभ्या खिळेवाल्याला द्यायचा. तपासणी संपली की ज्याचे त्याला परत. रेफरीला ठाऊक, कमिटीला ठाऊक, पब्लिकला ठाऊक. सगळे दात काढायचे.

त्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागायचं माझं जमत आलं होतं. ट्रायल तोंडावर आलेली. शिक्षणाच्या नावानं बोंब, त्यामुळं दुसरा रस्ताच नव्हता. आणि सेमीफायनलला मी बॉल घेऊन घुसलो तेव्हा दाजी आडवे आले, पाय वर करून. खिळा थेट गुडघ्याच्या सांध्यात. आत पू झाला, ऑपरेशन झालं, गुडघा वाकायचा बंद झाला तो आजतागायत. ट्रायल गेली, नोकरी गेली.

दाजी मोसंबी घेऊन बघायला आले. म्हणाले, "खेळात व्हतंय की, पावणं. मनाला लावून घिऊ नका." मागं बहीण मान खाली घालून उभी. खिळा वर आलाय, ठोकून घ्या, असं तिनंच त्यांना बजावलं होतं. हे तिनं मला पुढं कधीतरी रडत सांगितलं. आई मला डोळ्यांनी दटावत होती. लेक नांदायची होती ना तिथं! माझ्या मोडक्या पायाशेजारी बसून जावयानं बशीतनं चहा प्याला. अंगाची नुसती आग होत होती.

दोन हजारनंतर कमिटीनं बूट तपासायला कुणाला बसवावं? दाजींना! जुने जाणते म्हणे. टेबल, खुर्ची, तपासलेल्या बुटावर खडूची खूण. मी लंगडत मॅच बघायला जायचो, कारण भाचा आता खेळत होता. एकदा समोरच्या संघातल्या बॅकचा बूट दाजींनी बाजूला टाकला. प्लॅस्टिकचा स्टड कडेला घासून धारदार झालेला.

"चालतंय की, काका," तो म्हणाला.

दाजी खुर्चीतनं उठलेच. "चालत न्हाय! समोर माझं पोरगं हाय. पाय गेला म्हंजे जिंदगी गेली त्येची!"

मी टेबलाशेजारीच होतो.

"दाजी, एवढं कळत व्हतं की तुमास्नी," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं. मान वर न करता त्यांनी पुढच्याचा बूट मागून घेतला.