आठच्या बातम्यांत मी सांगितलं ते

माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रोह्याच्या केबलवर रोज संध्याकाळी आठला मी बातम्या वाचायचो, आणि बाजारात भाजीवाल्या बायका 'टीव्हीवाला आला गो' असं एकमेकींना सांगून माझ्या पिशवीत चार मिरच्या जास्त टाकायच्या. मला ते आवडायचं. का आवडू नये? दिवसभर कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्या हलवायच्या, शिफ्ट सुटली की रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात भाड्याच्या खोलीवर येऊन आंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट आणि उसना कोट चढवायचा आणि कॅसेटच्या दुकानाच्या माळ्यावर निळ्या चादरीपुढे जाऊन बसायचं. खाली हाफपँट असायची. ती कॅमेऱ्यात येत नसे.

वाचायचं काय, तर उद्या पाणी येणार नाही, अमक्या शाळेत झाडं लावली, तमक्याचा सत्कार झाला. केबलचा मालक बातम्या स्वतः लिहायचा आणि त्याच्या सात बातम्यांत चार सत्कार असायचे. रोह्यात बातम्या थेट दिसायच्या. त्याच वेळी त्या टेपवर उतरायच्या आणि ती कॅसेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं पेणला जायची. तिथं आणि आसपासच्या गावांत मालकाचा मेव्हणा केबल चालवायचा, तो दुपारी तीच कॅसेट लावायचा. म्हणजे पेण कायम एक दिवस मागे. मी याचा नीट विचार केला नव्हता, आणि तिथंच फसलो.

मला पुरुष आवडतात. हे मला चौथीपासून ठाऊक आहे. वर्गात एक मुलगा होता, त्याच्याच बाकावर जागा मिळावी म्हणून मी पहाटेचा उठून शाळेत जाऊन बसायचो. बस, एवढंच. पण एवढं पुरेसं होतं. पुढे मोठेपणी प्रेमही झालं, कंपनीतल्याच एकाशी, आणि कुंडलिका नदीच्या काठावर बसून आम्ही भेळ खायचो तेव्हा आपल्यात काही बिघडलंय असं मला एकदाही वाटलं नाही. बिघडलेलं जे होतं ते दुसरंच होतं, आणि ते माझं नव्हतं.

माझं गाव पेणजवळ. बाप लवकर गेला. आई भात आणि वाल पिकवायची. मी दहा वर्षांचा झाल्यावर तिनं मला मेच्या सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात धाडलं, पोरगा हातची कला शिकेल म्हणून. कारखान्याच्या मालकाला सगळे मास्तर म्हणायचे. मूर्ती ओतायला, घासायला, अंगाला रंग मारायला दहा-पंधरा माणसं होती, पण आखणी एकट्या मास्तराची. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. ती वेगळ्या खोलीत चालायची आणि खोलीचं दार आतून लागायचं. आखणी चालू असताना बाहेरून कुणी हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही, कारण मास्तराचा हात हलला तर देवाची नजर वाकडी होते. हा नियम सगळा कारखाना पाळायचा. आत मास्तर, आणि कुंचले धुवायला मी.

आत काय झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. लोकांना वर्णनच हवं असतं. कोणत्याही मोठ्या माणसाला कोणत्याही मुलाच्या अंगाला जसा हात लावायचा अधिकार नाही तसा त्यानं लावला, तीन उन्हाळे लावला, आणि बाहेर दहा-पंधरा माणसं सोंडा घासत बसलेली होती. एकदा मी मोठ्यानं रडलो. बाहेर कुणीतरी म्हणालं, "गप रे, आखणी चाललीय." अजून ते वाक्य आठवलं की मला हातातलं भांडं भिंतीवर मारावंसं वाटतं. देवाचे डोळे सरळ यावेत म्हणून त्या माणसांनी एका पोराकडे पाहिलं नाही.

तर एका श्रावणात केबलच्या मालकानं माझ्या हातात बातम्यांचा कागद दिला आणि पहिलीच बातमी मास्तराच्या सत्काराची. पेणला शाल, नारळ, हार, आणि 'लहान मुलांना घडवणारे गुरू' असे शब्द. हार घालतानाचं चित्रीकरणही आलेलं होतं. मी मालकाला म्हटलं, ही मी वाचणार नाही. का, म्हणाला. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही खाली दुकानात, गिऱ्हाईक येईल म्हणून दबक्या आवाजात. मालकाला माझं दुसरंही ठाऊक होतं, त्यानं मला नदीवर पाहिलेलं होतं. तो कोडं सुटल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "अच्छा, म्हणून तू असा झालास व्हय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मला जे सुंदर वाटतं, तेही त्या माणसाच्या खात्यावर? माझा चौथीतला बाक, नदीकाठची भेळ, हे सगळं त्याचं कर्तृत्व? त्यानं माझे तीन उन्हाळे घेतले ते घेतले, आता हेही द्यायचं त्याला?

"आण तो कागद," मी म्हणालो. "वाचतो."

आठ वाजता मी बातमी वाचली. हाराचं चित्रीकरण दाखवून झालं आणि पुन्हा मी पडद्यावर आलो. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "ही बातमी अपुरी आहे. या गुरूंनी मी दहा वर्षांचा असल्यापासून तीन वर्षं आखणीच्या खोलीत माझ्यावर अत्याचार केले. त्या खोलीत आजही मुलं जातात. त्यांचे आईबाप ऐकत असतील तर त्यांनी ऐकावं. आणि दुसरं, मला पुरुष आवडतात. उद्या तुम्ही तेच काढणार, म्हणून आजच सांगून टाकतो. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही." जिन्यावर मालकाची पावलं वाजली. मी "नमस्कार" म्हणालो तेवढ्यात त्यानं वायर उपटली.

रोह्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एक जण ताटातून मान वर न करता म्हणाला, "काय रे, लहानपणीच सवय लागली व्हय तुला?" आणि चार जण हसले. मी त्याच्या ताटात माझं ताक ओतलं. मिरच्या जास्त टाकणाऱ्या बायका आता पिशवीकडे बघून वजन करायला लागल्या. मालकानं मला काढून टाकलं. या सगळ्याची मला तयारी होती. मला रोहा नकोच होतं, मला पेण हवं होतं. मुलं पेणला होती, मास्तर पेणला होता. कॅसेट गेली असेल, पेणनं ऐकलं असेल, याच्यावर मी तीन दिवस काढले.

रविवारी गावी गेलो. आई दारात बसून भिजवलेले वाल सोलत होती. मला वाटलं आता रडेल नाहीतर मारेल. ती म्हणाली, "बस. परवा तुझ्या बातमीत मास्तरांचा हार दाखवला. मग गाणीच लागली मध्येच. चांगली होती गाणी. मग तू नमस्कार केलास."

मालकानं माझ्या वाक्यांवर सिनेमाची गाणी टेप केली होती. एवढ्या सफाईनं, की नमस्कार तेवढा ठेवला होता! मी ओटीवर उभा राहून त्याला ज्या शिव्या घातल्या त्या शेजारचा म्हातारा अजून सांगतो. आई म्हणाली, "झाला काय तुला?"

मग मी तिला सांगितलं. दोन्ही सांगितलं, वेगवेगळं सांगितलं. तिचे हात वाल सोलतच होते. मूठभर वाल परातीत टाकून म्हणाली, "तवाच मला का नाय सांगितलास?"

"सांगितलं होतं. मी जात नाही म्हणून सांगितलं होतं तुला."

"व्हय," ती म्हणाली. "आन मी तुला मारून धाडला."

मला तिचाही राग होता, आणि तो त्या एका वाक्यानं गेला असं मुळीच नाही. पण तिनं ते माझ्यावर ढकललं नाही, एवढं मी पाहिलं. तिनं परात बाजूला सारली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. पाट आणूया."

आमच्याकडे श्रावणात घरोघरचा पाट कारखान्यात नेऊन देतात, त्यावर त्या घरचा गणपती बसवून ठेवतात. आमचा पाट दरवर्षी मास्तराकडेच जायचा, यंदाही गेलेला होता. एकदा दिलेला पाट रिकामा परत आणत नाहीत. आणतात ते फक्त घरात कुणी मेलं, सुतक आलं तर. त्यामुळे आई कारखान्यात शिरून मांडणीवरून आमचा पाट ओढायला लागली तेव्हा रंग देणाऱ्या बायकांचे हात थांबले. "अगो, कोण गेला गो?" एकीनं विचारलं. मास्तर आतून आला. म्हातारा झाला होता, कपाळाला गंध, सत्काराची शाल खांद्यावर. त्यानं हात जोडले. "अरेरे, वयनी. कोण गेलं घरात?"

"कोण नाय गेला," आई म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. माझ्यापेक्षा कमी शब्दांत बोलली. मी तिच्या पाठीआड उभा होतो, चांगला सत्तावीस वर्षांचा घोडा.

मास्तर गडबडला नाही. अशी माणसं गडबडत नाहीत. तो बायकांकडे वळून हसला आणि म्हणाला, "रोह्यात इचारा कोनाला बी. वयनींचा पोरगा तसला हाय. बायल्या. टीव्हीवर सोताच बोलला. तसल्याचा काय धरता?"

आई त्याला आयुष्यभर अहो-जाहो करत आली होती. "तो तसला हाय," ती म्हणाली, "आन माझा हाय. त्याचा मी बघीन. तू दहा वर्साच्या पोराला काय केलास त्या सांग."

बायकांनी कुंचले परत रंगात बुडवले. पाट काखेत मारून आई भर बाजारातून चालत निघाली, आणि दिसेल तो विचारत होता, कोण गेलं?

मास्तराचा कारखाना बंद पडला नाही. त्याला पुढे आणखी एक शाल मिळाली. पोलीस चौकीत मला खुर्ची दिली, चहा दिला आणि इतक्या वर्षांनी काय सिद्ध करणार असं विचारलं. मात्र चतुर्थीच्या आत आमच्या आळीतल्या दोघींनी आपली मुलं कारखान्यातून काढली. कारण सांगितलं नाही. मला कारण ऐकायचं होतं.

त्या वर्षी आईनं रिकाम्या पाटावर तांदूळ पसरून सुपारी मांडली, तिलाच दूर्वा वाहिल्या. पाच दिवस माणसं दर्शनाला येत राहिली आणि मखरात मूर्ती नाही हे बघून दारातच थबकत राहिली. सुतक हाय का गो, असं हळूच विचारत. ती म्हणायची, "सुतक नाय. बस, सांगते." कुणी बसलं, कुणी करंजी हातात घेऊन तसंच उठून गेलं, एक जण तर चप्पल घालायला विसरला. तिनं एकालाही सोडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिचा घसा पार बसला. दारात माणसं उभी होती, सुपारीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. मी पाटाशेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "बसा, मी सांगतो."