गावले जाई राहिंता

शेजारच्या अक्कांचा मी पुष्कळ वर्षं हेवा केला. त्यांच्याकडे एक कागद होता, त्याचा. हे त्यांना ठाऊक नाही. असलं तरी त्यांनी दाखवलेलं नाही.

देवपुरात आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून आहेत, आणि दोन्ही घरांत फौजेतून अपंग होऊन आलेला माणूस. अक्कांच्या यजमानांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांचा उजवा पाय सीमेवर सुरुंगात गेला. माझ्या नवऱ्याची पाठ पारोळ्याच्या पुढे, जळगावच्या रस्त्यावर गेली. सुट्टी संपत आली होती, पलटण लांब होती, म्हणून तो दोन दिवस आधी निघाला. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसलेला, मांडीवर बॅग, जळगावहून रेल्वे पकडायची. ट्रकने उडवलं. पुढची अकरा वर्षं त्याने चाकांच्या खुर्चीत काढली, आणि दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात तो गेला.

भाऊंच्या कागदावर लिहिलं होतं : अपंगत्व सेवेमुळे. आमच्या कागदावर : सेवेशी संबंध नाही.

पुढचं सगळं त्या ओळीवर ठरायचं. भाऊंना अपंगत्वाचं निवृत्तिवेतन, त्यांच्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशात सवलत, सव्वीस जानेवारीला मैदानावर पुढच्या रांगेत खुर्ची. अक्का त्या दिवशी जरीकाठाची साडी नेसून जात आणि शाल-नारळ घेऊन येत. नारळ फोडून अर्धं खोबरं वाटीत घालून आमच्याकडे पाठवत. वाटी रिकामी देऊ नये म्हणून मी तिच्यात साखर घालून परत करायची. खोबरं मात्र कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकायची. एकदाही चाखलं नाही.

नवऱ्याला असला हेवा नव्हता. तो म्हणायचा, "भाऊ पहाऱ्यावर होते. मी गाडीवर मागे बसलो होतो. फरक आहेच." पण एक गोष्ट त्याला सलायची. सुट्टीवरून परत कामावर जातानाचा प्रवास नोकरीतच धरतात. त्याने तसे अर्ज केले. दर वेळी उत्तर यायचं की, वडिलांच्या जबाबानुसार आपण सुट्टीत आपल्या गावी जात होता. "मी परत निघालो होतो," तो म्हणायचा. "एवढं एक कुणी लिहायला हवं होतं. मी काय हिंडायला निघालो होतो?"

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याने कधी विचारलं नाही. मलाही विचारू दिलं नाही. "त्या दिवशी दवाखान्यात त्यांना स्वतःचं नाव आठवत नव्हतं. घाबरून काहीतरी बोलून गेले असतील. आता त्यांना कशाला ते?" मी विचारलं नाही, पण आबा पारोळ्याजवळच्या आमच्या गावाहून आले की त्यांना ताट वाढताना माझा हात जड व्हायचा.

सकाळी आपला नकली पाय शोधताना भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज यायचा. "मना पाय कोठे ठेवा व?"

"जठे काढा तठेच व्हई! मी काय तुमना पाय लिसन बाजारले गयथू?"

मग माझा नवरा खुर्ची भिंतीशी नेऊन ओरडायचा, "अक्का, पाय आमच्याकडे आलाय!" आणि पलीकडे दोघंही हसायची. रोजचं होतं ते. मी ग्रंथालयात जायच्या घाईत असायची. मी हसत नसे.

तो गेल्यावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्याची फाइल मागवली. आबांचा जबाब पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. जबाब घेणारा माणूस बाहेरचा होता, त्याने हिंदीत लिहिलं होतं : मेरा बेटा अपने गाँव जा रहा था. खाली आबांचा अंगठा. मी ते महिनाभर वाचत होते. पुस्तकं वाचण्यात माझा जन्म गेला, एका वाक्याकडे इतक्या वेळा मी कधी पाहिलं नसेल. प्रत्येक वेळी आबांचा राग यायचा.

एका दुपारी अक्का दळण घेऊन आल्या. मी कागद पसरून बसले होते.

"काय शे व बाई हाई?"

आबांचा जबाब आहे, मी म्हणाले. त्यांनी सांगितलं, मुलगा गावाला जात होता.

"मंग? बराबर शे ना. गावले जाई राहिंता." त्यांनी डबा खाली ठेवला. "आबा खरंच बोलनात."

मी कागदाकडेच बघत राहिले. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, "घर सोडीसन निंघना, म्हंजे गावलेच गया ना! आते भाऊ मुंबईले गयात तरी मी काय म्हणसू? गावले गयात!"

आमच्याकडे माणूस बॅग घेऊन घराबाहेर पडला की तो गावाला जातो. कोणत्या गावाला, ते नंतर. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांचं; तिथली बोली वेगळी, पण तिथेही माणसं गावालाच जातात. मीसुद्धा रोज तसंच बोलते. आबा म्हणाले असणार, 'मना आंडोर गावले जाई राहिंता', म्हणजे माझा मुलगा प्रवासाला निघाला होता. लिहिणाऱ्याने त्याला उलट वळवून घरी पाठवलं. 'अपने' हा शब्द आबांचा नव्हताच.

"इतला पुस्तकं वाचतस तुम्ही," अक्का म्हणाल्या, "नि हाई समजनं नही?"

मला आनंद व्हायला हवा होता. आधी आला तो हेवाच. हेसुद्धा यांनाच सापडावं, अक्षरं जुळवत वाचणाऱ्या बाईला, दळणाचा डबा हातात असताना.

मी फाइल वकिलांकडे नेली; त्यांनी आबांचा नवा जबाब मागितला. आपल्याच वाक्याने हे झालं, असं आबांना कळेल या भीतीने मी पंधरा दिवस टाळाटाळ केली. शेवटी अक्का माझ्याबरोबर गावी आल्या. आबांच्या बाजेवरच बसल्या, कापसाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, मग म्हणाल्या, "आबा, त्या दिन पोऱ्या कोठे जाई राहिंता?"

"गावले," आबा म्हणाले.

"कोणता गावले?"

"नोकरीना गावले! आखो कोठे?"

वकिलांच्या माणसाने दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. आबांनी अंगठा दिला आणि अक्कांना चहाला थांबवलं. माझ्याशी ते इतकं कधी बोलले नव्हते. मी त्यांच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत आले, हेही खरं. त्या दिवशी मी त्यांना ताट वाढलं आणि खाली मान घालून पाया पडले. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

निकालाचा कागद गेल्या आठवड्यात आला, सकाळी. मी खिडकीपाशी उभी राहून वाचला. 'कर्तव्यावर परत जाताना.' आणि खाली, 'अपंगत्व सेवेमुळे.' भाऊंच्या कागदावरचेच शब्द.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "मना पाय कोठे ठेवा व?"

अक्कांनी बाजाराचं ते नेहमीचं उत्तर दिलं. मग दोघंही थांबली. दोन वर्षं झाली तरी ती दोघं तिथे थांबतात, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

मी कागद हातात घेऊन भिंतीजवळ गेले. 'अक्का, पाय आमच्याकडे आलाय,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द पाठ होते. आवाज निघाला नाही. पलीकडे पाय सापडला असावा. पट्टा आवळल्याचा आवाज आला, आणि अक्का चहा गार होतोय म्हणून भाऊंवर ओरडल्या.